अशासकीय ठराव

शुक्रवार, दुपारचे साडेतीन.
सभागृहात सतरा जण, त्यातले दोघे फोनवर,
बाकीच्यांच्या डोक्यात संध्याकाळचं विमान
आणि सोबत न्यायची संत्र्यांची पेटी.
गणपूर्तीची घंटा वाजली
तेव्हा लॉबीतून चहा टाकून काही जण आले,
म्हणून ठराव जगला.

"अध्यक्ष महाराज, ही विधानसभा शासनास शिफारस करते की,
अठरा वर्षांवरील प्रत्येक तरुणास
दोन वर्षे सैनिकी सेवा सक्तीची करण्यात यावी..."

दहा मिनिटांची पाळी माझी. पेन्सिल चालते.
लघुलेखनात आम्ही स्वर गाळतो.
सक्ती आणि शक्ती यांच्यात एका वळशाचा फरक,
घाईत तोही राहून जातो,
मग रात्री बसून आठवावं लागतं
बोलणारा नेमकं काय म्हणाला होता.

सदस्य म्हणाले, पोरं मोबाईलात बुडाली.
म्हणाले, शिस्त. म्हणाले, इस्रायल.
कुणीतरी मागून ओरडलं, आधी रिकाम्या जागा भरा.
(गोंधळ)
त्यांचा मुलगा मेलबर्नला असतो.
हे बोललं गेलं नाही,
म्हणून मी लिहिलं नाही.

एकवीस हिवाळे मी या शहरात येते.
सगळे हॉटेलात उतरतात, मी मानकापूरला, भावाकडे.
हा ठराव तिसऱ्यांदा ऐकते आहे.
निवडणुकीच्या आदल्या थंडीत उगवतो,
हुरड्यासोबत संपतो.
शक्यता किती, असं मला कुणी विचारत नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं:
ज्यांची पोरं जातील त्यांच्याकडे मत असतं,
ज्यांची जाऊ नयेत त्यांच्याकडे नंबर असतो.
सक्ती आलीच, तर धंतोलीतल्या दवाखान्यांत
सपाट तळपायांची साथ येईल एका आठवड्यात.

सुमेध पहाटे साडेचारला उठतो.
आठ अंशांत, बापाचा स्वेटर घालून,
रिंग रोडवर ट्रकांच्या कडेकडेनं पळतो.
सोळाशे मीटर पाच मिनिटं वीस सेकंदांत.
छाती फुगवल्यावर पाच सेंटिमीटर वाढायला हवी,
त्याची चार भरली, दोनदा.
फेब्रुवारीत वय संपतं.

काल ताटावर त्याला म्हटलं,
तुमच्यावर सक्ती करणार म्हणतात, सगळ्यांवर.
घास हातातच राहिला त्याचा, मग हसला.
"काहीबी बोलून राहिली आत्या.
मले तर हाकलून राहिले ते.
चार सेंटिमीटरवाल्यावर होते का सक्ती?"

आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत एक कागद होता.
पणजोबांनी कामठीच्या मुनशीला सहा आणे देऊन
इंग्रजीत लिहवून घेतलेला अर्ज.
आमच्या जातीची भरती बंद केलीत, ती पुन्हा उघडा,
बाप तुमच्यासाठी लढला, काका तिकडेच राहिला,
हुजूर, आम्हीही मरण्यास लायक आहोत.
उत्तर आलं नाही. वाळवी आली.
लायक हा शब्द मात्र शेवटपर्यंत वाचता यायचा.

मंत्री उठले.
सन्माननीय सदस्यांच्या भावनेशी शासन सहमत आहे.
तथापि, हा विषय केंद्राच्या अखत्यारीतला.
सबब, ठराव मागे घ्यावा.
सदस्यांनी घड्याळ पाहिलं.
सभागृहाच्या अनुमतीने ठराव मागे घेण्यात आला.
एवढं वाक्य मला लिहावंही लागत नाही,
त्याची एकच खूण आहे आमच्यात, एक आडवा फटकारा.

रात्री वही उघडून बसले तर
तिसऱ्या पानावर तो शब्द पुसट.
स, क, त. वळसा होता की नव्हता?

सुमेध आईची शिवणकामाची टेप घेऊन आला.
"आत्या, तू मोज. मायचा हात हलते."
पाठीमागून टेप फिरवली. बनियन घामानं ओलं, थंडीतही.
फुगव, म्हटलं.
साडेचार.
"नीट पाह्य."
चष्मा लावला. टेप थोडी सैल धरली,
माझ्या हातून, नकळत की कसं कोण जाणे.
त्यानं श्वास अजून सोडलेला नाही.